टेकड्यांवर लागवड होते, निगराणीचे काय?

महोदय,

५ जून २०२० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशभरात २०० नगरवने उभारण्याची योजना जाहीर करताना पुण्यातील वारजे येथील वनाचा दाखला दिला होता. ती उजाड टेकडी हिरवी झाली, कारण वनविभाग आणि नागरिकांनी लागवडीनंतरही तिची पाठ सोडली नाही. इतरत्र मात्र पावसाळ्यात वृक्षारोपणाचे कार्यक्रम छायाचित्रांसह थाटात पार पडतात आणि उन्हाळ्यात रोपांना पाणी घालणे, आळ्यांत पालापाचोळ्याचे आच्छादन देणे, वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढणे ही खरी कामे मूठभर स्वयंसेवकांवर येऊन पडतात.

लागवड कशाची, हाही प्रश्नच आहे. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर लावलेला ग्लिरिसिडिया हा मध्य अमेरिकेतील वृक्ष. त्याच्या दाट गर्दीत स्थानिक झाडांना वाव मिळत नाही, म्हणून तो टप्प्याटप्प्याने विरळ करून देशी झाडे लावणे हे चिकाटीचे काम आहे. शिवाय बेसाल्टवरील उथळ मातीत गवत हेच स्वाभाविक आच्छादन असते आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी त्याच्याच आधाराने राहतात. तेथे खड्डे खणण्याचा उत्साह (तो कितीही प्रामाणिक असो) नुकसानच करतो.

महापालिका आणि वनविभागाने लागवडीच्या निधीतच किमान तीन वर्षांच्या निगराणीची तरतूद करावी, जगलेल्या रोपांची संख्या दरवर्षी जाहीर करावी आणि जागा ठरवण्यापूर्वी त्या टेकडीवर वर्षानुवर्षे राबणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

– एक वाचक, पुणे