म्हातारीचं इंजिन काढलं, तुला न सांगता

प्रिय दोस्ता,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. दोनदा तुझा फोन आला, तेव्हा इकडचं तिकडचं बोललो आणि ठेवून दिला. सांगायचं होतं ते ओठांवर येऊन परत जात होतं. म्हातारीचं, आपल्या जुन्या फोक्सवॅगन व्हॅनचं, इंजिन मी काढलं. आपण दोघांनी उघडलेलं, दोघांनी बसवलेलं, तेच.

तब्येत ठीक. गुडघाही आता कुरकुरत नाही.

उजव्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, कडेनं परत पाणी झिरपायला लागलं होतं. हेड उतरवलं, तर रबरी गॅस्केट टेकतं तिथलं अॅल्युमिनियम वाळवीनं लाकूड खावं तसं खाल्लेलं. बोट फिरवलं की खड्डे लागत होते. दोन स्टड नटासकट तुटून हातात आले. पाना हातात धरून मी बराच वेळ तिथेच बसलो. मग इंजिनाच्या केसवरची तेलकट धूळ पुसली आणि तू पांढऱ्या रंगानं काढलेले बाण दिसले. 'आधी हा नट, मग तो, घाई करू नकोस' असं लिहिलं होतंस ना? त्यातलं 'घाई' तेवढं शिल्लक आहे.

घाई केली नाही, शप्पथ. दोन महिने नुसता विचार केला आणि मग सुबारूचं ईजे-२२ इंजिन आणलं. तेही चार सिलिंडरचं, आडवं, समोरासमोर पिस्टनचं. त्यामुळे मागच्या त्या बसक्या जागेत मावतं. फिरतंही त्याच दिशेनं, म्हणून गिअरबॉक्सच्या पोटात हात घालावा लागला नाही. मधे अॅडॉप्टर प्लेट आली, फ्लायव्हील बदललं आणि खाली लोंबणारा तेलाचा सम्प कापून आखूड केला. वायरिंगनं मात्र रडवलं. दिव्यांच्या, वायपरच्या, काचांच्या तारा वेगळ्या काढायच्या आणि इंजिनाला लागतात तेवढ्याच ठेवायच्या. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर तारांचं जंगल होतं आणि आई ताट मांडीवर घेऊन जेवत होती. एवढं करून ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, दिवा विझेना. त्याला गाडीच्या वेगाचा सिग्नल हवा होता, तो आपल्या १९८४ च्या म्हातारीकडे कुठला? वेगळा सेन्सर लावला, तेव्हा गप्प झाला.

७८ च्या जागी आता १३० च्या आसपास घोडे आहेत. ज्या चढावर आपण दुसऱ्या गिअरमध्ये मागच्या अख्ख्या रांगेची माफी मागत जायचो, तिथे ती तिसऱ्यात चढते. 'पळवशील रे, पण थांबवणार कोण?' असं तू म्हणाला होतास आणि आपण तीन दिवस बोललो नव्हतो. तू बरोबर होतास. पुढच्या डिस्क, ब्रेकचे होस, मागचे सिलिंडर, सगळं आधी नवं केलं आणि मगच किल्ली फिरवली.

आता खरी गोष्ट. मला झोप लागत नाही ती तापमानाच्या काट्यामुळे. काटा चढत जातो, लाल पट्टीच्या तोंडाशी जातो आणि एकदम धपकन खाली येतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आधी वाटलं, हवा अडकली असेल. रेडिएटर पार पुढे, इंजिन पार मागे, मधे तो लांबलचक पाइप. सोळा-सतरा लिटर पाण्यात हवा लपायला जागा काय कमी आहे? नाक वर उचलून रेडिएटरचा स्क्रू सैल केला आणि चार वेळा हवा काढली. फरक शून्य. मग परवा रात्री थंडी वाजली म्हणून हीटर पूर्ण उघडला, आणि काटा जागेवर खिळला! तासभर हलला नाही. मी गाडी बाजूला घेतली आणि नुसता त्याच्याकडे बघत बसलो.

मला वाटतं ते असं. या इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, पंपाच्या तोंडाशी, गार पाण्याच्या बाजूला आहे. इंजिनातलं गरम पाणी हीटरच्या वाटेनं फिरून त्याच्या पाठीशी पोचलं, तरच त्याला उघडायचं कळतं. म्हातारीच्या हीटरला व्हॉल्व्ह आहे. तो बंद केला की ती वाट बंद. मग थर्मोस्टॅट उशिरा उघडतो, रेडिएटरमधलं गार पाणी एकदम आत येतं, तो परत मिटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे हीटरला वळसा घालून इंजिनाजवळच एक बायपास होस टाकायला हवा. बरोबर आहे का रे? की मी माझ्या सोयीचं कारण शोधतोय आणि या इंजिनाचंही हेड गेलंय? हेड गेलं असतं तर पाण्याच्या टाकीत बुडबुडे आले असते, ते दिसत नाहीत. पण तुझा कान हवा. तू मागच्या झाकणाला कान लावून 'डावीकडचा दुसरा' म्हणायचास आणि तसंच निघायचं.

तुझ्या नव्या नोकरीचं काकांकडून कळलं, अभिनंदन. छोटी चालायला लागली म्हणे! वहिनींना नमस्कार सांग, त्यांचा टॉर्च अजून माझ्याकडेच आहे.

जुनं इंजिन विकलेलं नाही. लाकडी ठोकळ्यांवर ठेवून वर ताडपत्री घातली आहे. दोघं विचारून गेले, दोघांना नाही म्हटलं. त्याचं काय करायचं ते तू ठरव. रागावला असशील तर इथे येऊन रागाव. बायपासचा होस आणून ठेवलाय, पण तू येईपर्यंत कापत नाही. तोवर हीटर उघडा ठेवून, घामाघूम होत, हळूहळू चालवतो.

तुझाच