सायीवर मुरांबा

प्रिय मावशी,

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. मंगळवारी येऊन मीच वाचून दाखवेन, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पण आईचा हट्ट, "आभार मराठीतच मान, चार लोकांना कळू देत." म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव टाकत नाही, गावाचंही नाही. इंग्लंडच्या डेव्हनमधलं, डार्टमूरच्या माळरानाच्या कडेचं, सहा टेबलांचं टी रूम, एवढी खूण पुरे.

टेबल राखून ठेवायला फोन केला तेव्हा मी ऐटीत 'हाय टी' मागितला होता. आपल्याकडे हॉटेलांपासून कंपन्यांच्या कार्यक्रमांपर्यंत सगळीकडे हाय टी म्हणजे काहीतरी उंची प्रकरण. तुम्ही शांतपणे सांगितलंत की हाय टी म्हणजे कामावरून दमून आलेल्या माणसांचं संध्याकाळचं जेवण, मांसाबिंसासकट. मला हवा होता तो आफ्टरनून टी, म्हणजे दुपारच्या चहाबरोबरचा फराळ. आणि लगेच विचारलंत, "आई काय काय खात नाहीत?"

या प्रश्नाची किंमत सांगते. त्याआधी एका ठिकाणी आम्ही 'व्हेजिटेरियन' असं बजावून सांगितलं होतं, तरी अंड्याचं सँडविच समोर आलं. त्यांना दोष देता येत नाही, इथे अंडं शाकाहारातच मोडतं. आईने नुसता चहा घेतला आणि बाहेर पडल्यावर "छान होतं हो" म्हणाली. घरी आल्यावर गुपचूप दूधपोहे खाल्ले. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती, सहा महिन्यांच्या व्हिसावर, आणि त्या दिवसापासून बाहेर जायचं म्हटलं की तिचे गुडघे दुखायला लागायचे.

तुमच्याकडे तीन मजली स्टँड आला. खाली काकडीची आणि चीजची सँडविचेस, कडा कापलेली. मधल्या ताटलीत स्कोन, म्हणजे मैद्याचे छोटे, जाडसर, पावासारखे गोल. वरच्या मजल्यावर केकऐवजी शॉर्टब्रेड, कारण त्यात लोणी, मैदा आणि साखर, बस. (आई तिला शेवटपर्यंत नानकटाईच म्हणत राहिली.) स्कोनला वरून अंडं फासतात, ते तुम्ही आमच्या चार स्कोनपुरतं टाळून दूध फासलं होतंत. ते चार जरा फिकट दिसत होते, त्यावरूनच मला ओळखू आले.

मग तुम्ही क्लॉटेड क्रीमची वाटी ठेवलीत. आईने चमच्याच्या टोकाने थोडं उचललं, चाखलं आणि म्हणाली, "अगं, ही तर साय!" वरचा तो जाडसर पिवळा पापुद्रा, खालचा दाटपणा. उथळ भांड्यात, मंद आचेवर तास न् तास तापवून मग निववतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा ती म्हणाली, "मग साय नाही तर काय?" मी ते भाषांतर करून सांगेपर्यंत तिने स्कोन अर्धा करून त्यावर सायीचा थर दिला होता आणि वर स्ट्रॉबेरीचा जॅम ठेवला होता. लहानपणी पोळीवर साय आणि वर मुरांबा असं आम्हाला द्यायची, अगदी तस्संच.

तुम्ही टाळी वाजवलीत ती आम्हाला कळेना. मग उलगडा केलात, की आधी क्रीम आणि वर जॅम ही डेव्हनची पद्धत, शेजारचे कॉर्नवॉलवाले आधी जॅम लावतात, आणि यावरून इथे पिढ्यान् पिढ्या वाद आहे. म्हणजे आई न शिकवता डेव्हनकर निघाली! कॉर्नवॉलच्या सायीला १९९८ पासून युरोपात नावाचं संरक्षण आहे, हेही तुम्ही सांगितलंत, पण जरा नाक मुरडूनच.

आता ज्याबद्दल खरं तर हे पत्र आहे, ते. आईने चहा बशीत ओतला. थंड दुधाने तो आधीच निवलेला, ओतायची काही गरज नव्हती, पण हाताला सवय. दोन्ही हातांनी बशी धरून तिने फुर्रकन घोट घेतला. शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने बशी खाली ठेवली, उरलेला चहा हळूच परत कपात ओतायला लागली आणि थोडा टेबलक्लॉथवर सांडला. तिचा चेहरा बघवत नव्हता. माझाही बघण्यासारखा नसेल.

तुम्ही फडकं घेऊन आलात. पुसता पुसता म्हणालात, "माझे आजोबा कायम बशीतूनच प्यायचे. आजी ओरडायची, पण त्यांनी ऐकलं नाही कधी." मग आमच्या किटलीतून स्वतःसाठी कप भरलात, उभ्यानेच थोडा चहा बशीत ओतलात आणि प्यायलात. आवाजासकट. शेजारचे हसले, आई हसली. मला मात्र रडू येत होतं, म्हणून मी सँडविच खात बसले.

त्यानंतर आई दर मंगळवारी गुडघे न दुखता तयार व्हायची. दुसऱ्या खेपेपासून स्टँड नको म्हणाली, नुसता क्रीम टी, म्हणजे स्कोन, साय, मुरांबा आणि चहाची किटली. बेडफर्डच्या डचेसची गोष्ट तुम्ही तिला सांगितलीत, की १८४० च्या सुमारास रात्रीची जेवणं फार उशिरा व्हायची, बाईंना चारच्या सुमारास गळून गेल्यासारखं व्हायचं, म्हणून त्यांनी खोलीत चहा आणि खायला मागवायला सुरुवात केली आणि तिथून ही रीत पडली असं मानतात. त्यावर आईचं मत: "चार वाजता भूक लागते हे कळायला डचेस कशाला हवी?" हे मी तेव्हा भाषांतरित केलं नव्हतं. आता करते.

सप्टेंबरात ती परत गेली. तुम्ही बिलाच्या पाठीवर लिहून दिलेली कृती तिने देवघरातल्या पोथीत ठेवली आहे. २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैदा (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला), ५५ ग्रॅम लोणी, थोडी साखर, १५० मिली दूध, आणि खाली दोनदा रेघ मारून: कापताना साचा पिळू नका, सरळ दाबा, नाहीतर स्कोन तिरके फुगतात. तिच्याकडे ओव्हन नाही. शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये मीठ पसरून तिने पहिला घाणा केला, तो दगड झाला. दुसरा बरा जमला म्हणते. साय मात्र आठवडाभर साठवून ठेवली होती, त्यामुळे घाणा दगड झाल्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

तर तिचे दोन प्रश्न आहेत, मंगळवारी उत्तर तयार ठेवा. तिकडे सेल्फ-रेझिंग मैदा मिळत नाही, तर साध्या मैद्याला बेकिंग पावडर किती घालायची, चमच्याने सांगा, ग्रॅमने नको. आणि निम्मी कणीक घातली तर चालेल का?

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची मुलगी