माउस घेण्याचा सल्ला आम्हाला नको

मा. संपादक,
सादर नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत तंत्रज्ञानाच्या सदरात माउसशिवाय, नुसत्या कळफलकावर चालणाऱ्या ब्राउझरांविषयी (म्हणजे संकेतस्थळं उघडायच्या प्रोग्रॅमांविषयी) जे छापून आलं, ते वाचून आलेला राग आज सकाळपर्यंत गेला नाही, म्हणून लिहिते आहे. सदरलेखकांविषयी मला आदर आहे. मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दलचे त्यांचे लेख मी दुकानात येणाऱ्यांना वाचून दाखवले आहेत. पण ‘ही प्रोग्रामर मंडळींची चैन आहे, सामान्य माणसाने एक बरा वायरलेस माउस घ्यावा’ हे वाक्य छापण्याआधी तुमच्याकडे कोणीतरी थांबायला हवं होतं.

मी प्रोग्रामर नाही. बारावी झाले आणि मराठी-इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, एवढंच माझं शिक्षण. देवगड तालुक्यात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं आणि झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे. ते दुकान गेल्या पावसाळ्यापासून अशाच एका ब्राउझरवर चालतं, आणि सदरलेखकांनी ज्याला चैन म्हटलं त्यामुळेच ते बंद पडलं नाही.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे दाखल्यांची गर्दी होते. उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेअरचा. ऐन त्या दिवसांत जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये आणि समोर रांग. ‘बाये, आज होतला मा?’ असं विचारणाऱ्या म्हातारीला उद्या या म्हणणं सोपं नसतं, ती एसटीने आलेली असते आणि परतीची गाडी दुपारची असते.

डाव्या हाताने माउस चालवून पाहिला. बाण सरकतो, पण हव्या त्या बारीक चौकोनावर थांबत नाही. आणि खरा त्रास तो नव्हेच. एकाच हाताने टाइप करायचं आणि त्याच हाताने माउस धरायचा म्हटलं, की प्रत्येक रकान्याला हात कळफलकावरून उचलायचा, माउसवर न्यायचा, परत आणायचा, बोटं जागेवर बसवायची. एका अर्जात असे किती रकाने असतात ते ज्यांनी भरले आहेत त्यांना विचारा. वायरलेस माउसने यातलं काय सुटणार होतं?

पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने फोनवरून सांगून सांगून माझ्या जुन्या लॅपटॉपवर क्यूटब्राउझर बसवून घेतला. फ्लोरियन ब्रुहिन या स्विस माणसाने २०१३ मध्ये तो लिहायला सुरुवात केली, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत. तो फुकट आहे. पोटात गूगल क्रोमच्या मुळाशी असलेलं क्रोमियमचंच इंजिन असल्यामुळे नेहमीची संकेतस्थळं नेहमीसारखीच उघडतात. एफ दाबला की पानावरच्या प्रत्येक लिंकवर, बटणावर, रकान्यावर एकेक-दोनदोन अक्षरांची चिठ्ठी चिकटते, तिला हिंट म्हणतात. ती अक्षरं दाबली की तिथे क्लिक झालं. ‘टॅब तर सगळ्याच ब्राउझरांत असतो’ असं सदरात लिहिलंय. पानावर शंभर लिंका असतील तर टॅब किती वेळा दाबायचा? इथे दोन अक्षरांत काम होतं.

पण मूळच्या मांडणीत या चिठ्ठ्यांची अक्षरं कळफलकाच्या मधल्या ओळीतली, दोन्ही हातांची असतात. मला फक्त डावा हात होता. सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीत मी ती बदलली आणि सगळी डाव्या हाताखालची ठेवली. पान खाली-वर सरकवायची जे आणि के ही अक्षरंही उजव्या हाताची, ती कामं डावीकडच्या कळांना दिली. कोयत्याची मूठ आपल्या हाताला बसेल तशी करून घेतो, तसंच हे झालं. प्लास्टर असेपर्यंत मी एका हाताने दाखल्यांचे अर्ज भरले, आणि ते निघाल्यावरही माउसकडे परत गेले नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं ते सांगते. एका सरकारी संकेतस्थळावर (नाव लिहीत नाही) अर्ज पूर्ण भरल्यावर ‘पुढे’ असं एक निळं बटण येतं. दिसायला ते बटण असतं, पण आतून बटण म्हणून बनवलेलंच नाही, नुसता रंगवलेला चौकोन आहे. टॅब त्यावर थांबत नाही, एफ दाबून त्यावर चिठ्ठी येत नाही. सगळा अर्ज भरून तिथे अडकायचं. तक्रार केली, तिला उत्तर नाही. मग भाच्याने शिकवलं त्याप्रमाणे त्या पानाच्या आत त्या चौकोनाला काय नाव दिलंय ते शोधलं आणि ते नाव माझ्या फाइलमध्ये हिंटच्या यादीत जोडलं. एक ओळ. फाइल पुन्हा वाचायला लावली आणि निळ्या चौकोनावर चिठ्ठी आली. ज्यांनी ते पान बनवलं त्यांनी न केलेलं काम देवगडातल्या एका दुकानदार बाईने आपल्या मशीनवर करून घेतलं, कारण तिचा ब्राउझर तिला ते करू देतो. संपादक महोदय, याला चैन म्हणतात का?

मराठीचंही सांगते, कारण सदरात त्याबद्दल अक्षर नाही. इनस्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची मांडणी चालू असताना एफच्या कळेवर ऱ्हस्व वेलांटी असते, जेवर र आणि केवर क. अर्जात मराठी नाव लिहून झालं आणि तसाच पुढे जायला गेलं की ब्राउझरला आपण काय म्हणतोय ते कळत नाही. त्यासाठी र आला तर जे समज, क आला तर के समज, असं त्या फाइलमध्ये लिहिता येतं. परदेशात बसून ब्राउझर बनवणाऱ्याला आमचा कळफलक ठाऊक नसला तरी चालतं, तो आपला आपल्याला सांगता येतो. आमच्याकडे पावसात रेंज गेली की पान उघडायला वेळ लागतो, तेव्हा ठरावीक संकेतस्थळांवर चित्रं येऊच द्यायची नाहीत, हेही तिथेच लिहून ठेवलं आहे.

‘व्हिम्परेटर बंद पडलं, यावरूनच लोकांना ते नको होतं हे दिसतं’ हे सदरातलं विधान तर सरळ चुकीचं आहे. फायरफॉक्स हा ब्राउझर कळफलकावरून चालवता यावा म्हणून त्याला जोडायचं ते एक्स्टेंशन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्रॅम, होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली, तिने जुन्या पद्धतीची एक्स्टेंशनं चालवणं थांबवलं, म्हणून ते गेलं. वापरणाऱ्यांनी सोडलं नव्हतं, त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं. त्यांच्यातल्याच लोकांनी मग त्याच कामाचं ट्रायडॅक्टिल हे नवं एक्स्टेंशन उभं केलं. आणि ही नवी टूमही नाही. जे-के वापरण्याची पद्धत बिल जॉय यांच्या १९७६ च्या व्हीआय या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधून आली, कारण ते ज्या टर्मिनलवर (पडदा आणि कळफलक असलेल्या जुन्या यंत्रावर) काम करत त्याच्या त्याच कळांवर बाण छापलेले होते. लिंक्स हा नुसत्या अक्षरांचा ब्राउझर कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये झाला आणि आजही मिळतो. ज्यांना आपला ब्राउझर बदलायचा नाही त्यांच्यासाठी क्रोमवर व्हिमियम हे तसंच एक्स्टेंशन आहे, थोडं बसवून बघितलं असतं तरी सदर वेगळं झालं असतं. ज्यांना याहून खोल जायचं आहे त्यांना कॉमन लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला न्यिक्स्ट हा ब्राउझर आहे, चालू असतानाच तो बदलता येतो. तो मला अजून झेपलेला नाही, पण शिकणार आहे.

हात थरथरणारे, संधिवाताचे, एका हाताचे लोक रत्नागिरी-सिंधुदुर्गात नाहीत का? ते तुमचा पेपर वाचत नाहीत का? त्यांना एक ओळ लिहून आपलं काम करून घेता येतं हे सांगायची संधी तुमच्याकडे होती. सदर अर्धं पान होतं. त्यात माउसची छायाचित्रं तीन.

लिहितेच आहे तर आणखी एक. तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बातमी उघडली की ‘सूचना हव्यात का’ अशी मोठी पाटी समोर येते. ती बंद करायची फुली टॅबने गाठता येत नाही. माउस नसलेल्याने बातमी वाचूच नये अशी ती व्यवस्था आहे. पानावर जे जे करता येतं ते कळफलकावरून करता आलं पाहिजे, हा जागतिक निकष २००८ पासून तसाच लिहिलेला आहे, आणि तो सगळ्यात पहिल्या, किमान पातळीचा आहे. शिवाय ई-पेपरचं पान म्हणजे नुसतं चित्र. त्यात शब्द शोधता येत नाही, अंध वाचकाच्या संगणकाला ते वाचून दाखवता येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले माझे वडील रोज तुमचा अग्रलेख माझ्याकडून ऐकतात, कारण ते चित्र त्यांचा संगणक वाचत नाही.

फुलीसाठी मी माझ्या फाइलमध्ये ओळ लिहिली आहे. ई-पेपरचं मात्र माझ्या हातात नाही, ते तुम्हालाच करावं लागेल. पुढच्या रविवारी सदरलेखकांनी व्हिम्परेटरबद्दलची दुरुस्ती छापावी आणि तुमच्या तंत्रविभागाने ई-पेपरमधला मजकूर अक्षरांत द्यावा, या दोन मागण्या आहेत. पत्र लांबलं आहे, काटछाट करायची झाली तर इतिहासाची करा, निळ्या बटणाची करू नका.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, ता. देवगड