दात काढण्याआधीच हाडाचा विचार व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चार वर्षांपूर्वी माझी खालची डावी दाढ किडल्यामुळे काढावी लागली. दवाखाना इंदुरातलाच, नाव घेत नाही. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला, गोळ्या लिहून दिल्या; रिकाम्या जागेचे पुढे काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दीड वर्षाने, सराफ्यातला गराडू एकाच बाजूने चावण्याचा कंटाळा आल्यावर, इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात लावून घेण्यासाठी, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर) हाडाची रुंदी मोजून दाखवली. ती जेमतेम साडेचार मिलिमीटर भरली. ४ मिलिमीटर जाडीचा स्क्रू बसवायचा तर त्याच्या दोन्ही अंगांना किमान एक-दीड मिलिमीटर हाड उरावे लागते. त्यामुळे आधी हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया, मग सहा महिने थांबणे आणि मग इम्प्लांट, असे सगळे लांबले.

मुळाला धरून असलेले हाड दाताच्या आधारानेच टिकते. दात गेला की शरीर ते शोषून घेऊ लागते. गालाकडची भिंत मुळात पातळ, समोरच्या दातांशी तर बहुधा १ मिलिमीटरहूनही कमी, म्हणून तीच आधी खचते. दाढा-उपदाढांच्या जागची रुंदी वर्षभरात सुमारे निम्मी होऊ शकते, आणि त्यातली दोन-तृतीयांश झीज पहिल्या ३ महिन्यांतच होते. दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट बसवला की हाड वाचते, हा समजही पुरता खरा नाही. बाहेरची भिंत तरीही झिजते.

गेल्या वर्षी उजवी दाढ काढायची वेळ आली, तेव्हा मात्र मी आधीच विचारले. डॉक्टरांनी दाढेचे दोन भाग करून एकेक मूळ अलगद सोडवले, रिकाम्या खोबणीत हाड राखण्यासाठी जाड्या रव्यासारखे दाणे भरले आणि वर कोलॅजनचा पडदा ठेवून टाके घातले. चार महिन्यांनी हाड इम्प्लांटपुरते निघाले. झीज यानेही पूर्ण थांबत नाही, कमी होते. हे दाणे पुष्कळदा गाईबैलांच्या हाडावर प्रक्रिया करून केलेले असतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी संकोच न करता तसे सांगावे, कारण कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे दाणेही मिळतात.

हे प्रत्येकाला लागते असे नाही. अक्कलदाढ काढणाऱ्याला तर सहसा नाहीच. परंतु ज्याला पुढे इम्प्लांट करायचा आहे, त्याला हाड राखण्याचा पर्याय त्याच्या खर्चासह, दात काढण्याच्या संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी सांगितला जावा, अशी शहरातील दंतवैद्यांना विनंती आहे. येथील शासकीय दंतचिकित्सा महाविद्यालयाने बाह्यरुग्ण विभागात यासंबंधी एक फलक लावला, तर माझ्यासारख्या न विचारणाऱ्यांचीही सोय होईल.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
लोकमान्यनगर, इंदूर