दहा डावांवर इंजिन जोखू नका

संपादक महोदय,

घरी लिहिलेलं बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, विकतच्या इंजिनापुढे टिकणार नाही, असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. १९९७ साली विश्वविजेत्या कास्पारॉव्हला हरवणारा आयबीएमचा संगणक डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा, तेही खास बनवलेल्या यंत्रावर. तेव्हा हे खरं होतं. पण २००५ च्या रेकयाविकच्या संगणक विश्वस्पर्धेत विद्यार्थ्यानं लिहिलेलं झॅपा पहिलं आलं आणि फाबियाँ लेतुझे यांचं फ्रूट दुसरं. विक्रीतलं श्रेडर त्यांच्या मागे राहिलं. आज अव्वल असलेलं स्टॉकफिश फुकट आहे, सोर्स कोडसकट. उलट त्याच्यावर बेतलेलं इंजिन परवान्याच्या अटी मोडून विकल्याबद्दल २०२१ साली स्टॉकफिशकारांनी चेसबेस या जर्मन कंपनीवर जर्मनीत दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली.

मग एकटा हौशी प्रोग्रॅमर अडतो कुठे? बहुतेकदा चाचणीत. बदल केला, दहा डावांत सात गुण मिळाले, की तो खूश! तेवढा फरक तर एकाच इंजिनाच्या दोन प्रतींमध्येही सहज पडतो. तिसरा हिस्सा डाव बरोबरीत सुटतात असं धरलं तर १०० डावांनंतरही चूक ±५६ एलोपर्यंत (एलो म्हणजे खेळाची ताकद मोजणारे गुण) असते, १,००० नंतर ±१८. आणि एकेका चांगल्या सुधारणेचा फायदा दोन-पाच एलोचाच. स्टॉकफिशकडे २०१३ पासून फिशटेस्ट ही चाचणीची व्यवस्था आहे: स्वयंसेवकांच्या संगणकांवर प्रत्येक बदल आधी १० सेकंद अधिक चालीमागे ०.१ सेकंद या वेळेत खेळतो, पास झाला तर ६० अधिक ०.६ वर. घरच्या आठ कोअरच्या मशीनवर एका वेळी आठ डाव लावले तर रात्रभरात सात-आठ हजार होतात, म्हणजे चूक सहा-सात एलोवर येते. प्रत्येक ओपनिंग (डावाची ठरावीक सुरुवात) दोनदा, रंग बदलून खेळवावं. एका कोअरवर दोन डाव कोंबले की वेळेअभावी हरलेले डाव सगळा हिशेब नासवतात.

त्याही आधी इंजिन नियमात बसणाऱ्या सगळ्या चाली काढतं का, हे मोजदाद करून तपासावं. सुरुवातीच्या पटावरून पाच प्लायपर्यंत (एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय) चालींचे क्रम मोजले तर २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१ आणि ४८,६५,६०९ हेच आकडे यायला हवेत. हे जुळले म्हणून निर्धास्त होऊ नये. पांढरा राजा ए५ वर, प्यादं बी५ वर, काळा हत्ती एच५ वर, मधली घरं मोकळी. काळ्यानं सी७ चं प्यादं सी५ ला टाकलं. ते एन पासाँनं (दोन घरं पुढे आलेलं प्यादं, एकच घर आल्यासारखं शेजारच्या प्याद्यानं मारणं) मारलं तर पाचव्या ओळीतली दोन्ही प्यादी एकदम उठतात आणि हत्ती थेट राजावर! ही चाल बेकायदा. बरीच नवी इंजिनं ती खेळून मोकळी होतात. दुसरी नेहमीची गफलत हॅश टेबलमधली, म्हणजे आधी तपासलेल्या स्थितींचे निकाल साठवणाऱ्या तक्त्यातली. मात होण्याचा गुण तिथे ठेवताना शोध सुरू झालेल्या स्थितीपासूनच्या अंतराचा हिशेब नीट केला नाही, तर इंजिन 'चार चालींत मात' सांगत राहतं आणि मात काही करत नाही.

म्हणून एक विनंती. अमुक इंजिनानं तमुकला हरवलं अशी बातमी छापताना डाव किती, वेळ किती आणि दोघांना मशीन सारखं होतं का, एवढं तरी द्यावं.

– एक वाचक, सांगली