ड्रॉइंग पक्कं करण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या वायर हार्नेसच्या, म्हणजे वायरच्या तयार जुड्यांच्या, शेडच्या नव्या ड्रॉइंगची प्रिंट काढून आणली. मोबाइलवर मला त्यातलं निम्मं दिसत नव्हतं. कटिंग, क्रिंपिंग (वायरच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवणं), असेंब्ली, टेस्टिंग, पॅकिंग असा माल आता एका दिशेने सरकतो, अख्ख्या शेडभर फिरत नाही. कोइंबतूरला जे शिकलीस ते वसूल झालं.

पण फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स द्यायच्या आधी आपल्याकडच्या दिव्यांग माणसांबद्दल काही गोष्टी सांगायच्या आहेत. फोनवर सांगितल्या की तू 'हो बाबा, बघते' म्हणतेस आणि विषय तिथेच मिटतो. शिवाय एक तारखेपासून रबाळ्याच्या खुर्चीत तूच बसणार. मी ठाण्यात घरी, आईच्या हाताखाली.

फाइन वायरिंगचं टेबल तू पोटमाळ्यावर नेलं आहेस. तिथे नाना बसतात. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले, कॅलिपर आणि कुबड्यांवर चालतात. लोखंडी जिना त्यांना अगदीच अशक्य नाही. चढतील, कुरकुरही करणार नाहीत. पावसाळ्यात एक दिवस ओल्या पायरीवरून कुबडी सरकेल आणि घरी बसतील. आपण रजिस्टरमध्ये 'काम सोडले' असं लिहून मोकळे होऊ. दिव्यांग माणसाची नोकरी बऱ्याचदा अशीच जाते. त्याला कोणी काढत नाही. कुठे जिना आडवा येतो, कुठे वेळ बदलते, कुठे नवा सुपरवायझर येतो, आणि माणूस आपला आपणच येईनासा होतो. टेबल खाली आण. पोटमाळ्यावर स्टोअरची जुनी बाडं ने, ती कुठेही राहतील.

नाना डोंबिवलीहून येतात. दिव्यांगांच्या डब्यातून ठाण्याला उतरायचं, पूल ओलांडून ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर यायचं, रबाळ्याला उतरून रिक्षा करायची. गर्दीच्या वेळी त्या डब्यातही धडधाकट माणसं घुसतात, तूही पाहिलं असशील. म्हणून बाकी शिफ्ट साडेआठची आणि नानांची वेळ दहा ते साडेसहा. ही वेळ आजवर माझ्या तोंडी हुकमावर चालली. तुझ्या नव्या हजेरी मशीनमध्ये ती घातली नाहीस तर महिनाअखेर लेट मार्कांचा ढीग होईल आणि पगार कापला जाईल. मशीनला नाना कोण हे माहीत नाही.

आता टेस्टिंग. ते टेबल तू भिंतीकडे तोंड करून लावलं आहेस. टेस्टिंगच्या ताई कर्णबधिर आहेत. पाठीमागून कोण येतं, फोर्कलिफ्ट वळली का, कोणी हाक मारतं का, हे त्यांना दिसलं तरच कळतं. टेबल फिरव, तोंड शेडकडे कर. तेवढं पुरे.

त्या टेबलावरच्या दिव्याबद्दलही सांगतो, नाहीतर नव्या टेस्टरच्या नादात तो जाईल. कंटिन्युइटी टेस्टर वायर जुळली की बझर वाजवतो. ताई टेस्टिंगला आल्या तेव्हा आपल्या इलेक्ट्रिशियनने बझरच्या जोडीला 24 व्होल्टचा हिरवा दिवा लावून दिला. जुळलं की पेटतो, नाहीतर अंधार. खर्च म्हणशील तर दोन माणसांच्या जेवणाचाही नाही. क्रिंपिंग प्रेस चालू असताना तो बझर ऐकू येणाऱ्यांनाही धड ऐकू यायचा नाही, त्यामुळे दुसऱ्या टेस्टिंग टेबलवाल्यांनीही दिवा मागून घेतला. नवा टेस्टर घेशील तो दिव्याचाच घे. आणि आगीच्या भोंग्याबरोबर लुकलुकणारा लाल दिवा टेस्टिंगजवळ आहे तसा बायकांच्या टॉयलेटमध्येही आहे. नव्या वायरिंगमध्ये हा दुसरा दिवा हमखास विसरला जातो.

तू मागे म्हणालीस, त्यांना सगळं लिहून दाखवलं की झालं. तेवढ्याने होत नाही गं. जन्मापासून ज्याने मराठी कानाने ऐकलेलीच नाही, त्याची पहिली भाषा हातांची असते, लिहिलेली मराठी नंतर शिकलेली. लांबलचक सूचनांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला की त्या मान डोलावतात, आणि मान डोलावणं म्हणजे समजणं असं आपण धरून चालतो. छोटं वाक्य लिही, सोबत फोटो किंवा नमुन्याचा तुकडा दे, आणि 'समजलं का' असं न विचारता एक पीस करून दाखवायला सांग. पगार, रजा, तक्रार असं काही मोठं बोलायचं असेल तेव्हा सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलाव. व्हिडिओ कॉलवरही चालतो. लाइनवरच्या मुलींनी बऱ्याच खुणा उचलल्या आहेत. लाल, निळी, वायर कमी आहे, चहा आला. शिव्या सगळ्यात आधी शिकल्या, असं ऐकून आहे.

किटिंगच्या, म्हणजे एकेका हार्नेसचे सुटे नग ट्रेमध्ये लावून देणाऱ्या, भाऊला तू पॅकिंगच्या शटरजवळ बसवलं आहेस. तिथे दिवसभर टेम्पो, हॉर्न, हमालांची आरडाओरड. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. गोंगाट झाला आणि कामात कोणी अचानक बदल केला की तो हात आखडून बसतो. त्याचा प्लायवूडचा ट्रे तू पाहिला आहेस ना? एका हार्नेसला लागणाऱ्या प्रत्येक टर्मिनलसाठी, प्रत्येक फेरूलसाठी एकेक खळगा, खळग्याशेजारी त्या नगाचं रंगीत चित्र. खळगा रिकामा म्हणजे नग कमी. मोजायची गरजच नाही. वीसच्या पुढे तो मोजताना चुकतो, पण त्याच्या ट्रेमधून कमी नग लाइनवर गेल्याची तक्रार मला तरी आठवत नाही. तू बारकोडचं किटिंग आणणार असशील तर जरूर आण, ट्रे मात्र राहू दे. नवं मॉडेल सुरू व्हायचं असेल तर आदल्या दिवशी त्याला नवा ट्रे दाखव, हाताळू दे. सुरुवातीला त्याच्या शाळेच्या बाई शेजारी उभं राहून काम शिकवायच्या, मग हळूहळू लांब सरकल्या आणि एके दिवशी आल्याच नाहीत. मोठा बदल असेल तर त्या परत येतील, फोन कर. त्यांचा नंबर माझ्या डायरीत आहे.

भाऊला स्टायपेंड नाही, पगार आहे. इतर मदतनिसांना मिळतो तोच. दिवाळीत अशा मुलांनी केलेल्या पणत्या आणि आकाशकंदील विकत घ्यायला गर्दी होते, घेणाऱ्यांना समाधानही मिळतं. वर्षभर दर महिन्याला पगार द्यायला मात्र कोणी रांग लावत नाही. याच कारणाने कस्टमरचे लोक ऑडिटला आले आणि भाऊबरोबर फोटो मागायला लागले की मी नाही म्हणतो. त्यांना हार्नेस दाखवायचा, माणूस नाही. तूही हेच करशील असं वाटतं.

ऑफिसमधल्या मॅडमचं तुला ठाऊक आहेच. रेटिनायटिस पिगमेंटोसा. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं दिसत नाही, संध्याकाळनंतर जवळजवळ काहीच नाही. गेटपासून ऑफिसपर्यंतच्या पिवळ्या पट्ट्यावर कोणी पॅलेट ठेवलं तर मी ओरडतो, आता तू ओरड. त्या कॉम्प्युटर एनव्हीडीएवर चालवतात. हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पैसे लागणार तुझ्या नव्या ईआरपीला, म्हणजे अख्ख्या धंद्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, आणि खरी मेख तिथेच आहे. डेमोला ईआरपीवाल्याशेजारी मॅडमना बसव. माऊस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर त्यांना एक डिस्पॅच एंट्री करू दे. एनव्हीडीए 'सेव्ह', 'प्रिंट' असं वाचत असेल तर ठीक. नुसतं 'बटन, बटन, बटन' वाचत सुटलं, तर ते सॉफ्टवेअर कितीही स्वस्त पडो, घेऊ नकोस. एकदा घेतलं की मॅडमचं काम शेजारचा मुलगा करणार आणि वर्षभराने तूच विचारणार, मॅडम नेमकं करतात काय?

स्टोअरवाल्या काकांना तू या यादीत धरत नसशील, कारण ते आपल्याकडे आले तेव्हा दोन्ही पायांवर आले. कटिंग मशीनवर होते. मधुमेहाने गुडघ्याखाली पाय काढावा लागला, आणि जयपूर फूट बसवून परतले ते स्टोअरमध्ये, त्याच पगारावर. पोलिओच्या मूळ विषाणूचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण 2011 चा, नानांसारखे आता फार येणार नाहीत. पण मधुमेह, रेल्वे अपघात, पक्षाघात कुठे गेलेत? आज धडधाकट असलेल्यांतलं कोणीही उद्या या यादीत येऊ शकतं. सरकारी नोकरीत असं झालं तर कामावरून कमी करता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही, त्याच पगारावर दुसरी जागा द्यावी लागते. 2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 20 तसं सांगतं, पण ते सरकारी आस्थापनांपुरतं. चार टक्के आरक्षणही तिकडचंच. आपल्यासारख्या खाजगी शेडला ना कोटा, ना ते बंधन. जे करायचं ते आपण ठरवून.

एक गोष्ट मात्र आपल्यालाही लागू आहे. समान संधीचं लेखी धोरण प्रत्येक आस्थापनेने करायचं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते. महाराष्ट्राचं आयुक्तालय पुण्यात आहे. वीस किंवा जास्त माणसं असतील तर कोणती पदं दिव्यांगांसाठी योग्य, निवड कशी करणार, काय सोयी देणार, समन्वय अधिकारी कोण, हे सगळं त्यात लिहावं लागतं. आपण वीसच्या वर आहोत. आपलं धोरण दीड पानाचं आहे आणि वकिली भाषेत आहे. ते आता नव्याने लिही. नानांची वेळ, टेस्टिंगचा दिवा, भाऊचा ट्रे, पिवळा पट्टा, सगळं नाव न घेता पदाच्या नावाने त्यात घाल. मी रोज फिरत होतो म्हणून या गोष्टी टिकल्या. उद्या तू महिनाभर बाहेरगावी गेलीस आणि नवा सुपरवायझर आला, तर त्याला दाखवायला कागद हवा. समन्वय अधिकारी म्हणून मॅडमचं नाव घाल. त्यांना चालेल, मी विचारलंय.

नवी माणसं हवी असतील तर नुसत्या जाहिरातीवर जाऊ नकोस. 'दिव्यांगांनीही अर्ज करावा' ही ओळ सगळेच छापतात, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, वरळीला अंधांसाठीची नॅब संस्था आहे, वांद्र्याला कर्णबधिरांची अली यावर जंग संस्था आहे. स्वतः जा, आपलं काम काय आहे ते दाखव, वायरचा तुकडा आणि टर्मिनल बरोबर घेऊन जा. मुलाखतीत 'हे कसं झालं तुम्हाला' हे विचारायचं नाही. क्रिंपिंग टूल हातात द्यायचं आणि अर्धा तास गप्प बसायचं. जमत नसेल तर नाही म्हणायचं, जसं कोणालाही म्हणतो तसं. दया म्हणून घेतलेला माणूस लाइनवर चार दिवसांत ओळखू येतो आणि त्याचे हाल बाकीचे करतात.

पगारपत्रक आता पुण्याची एजन्सी करणार म्हणतेस, तर त्यांना दोन गोष्टी आधीच सांग. 40 टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व असलेल्यांना आपल्या राज्यात व्यवसाय कर माफ आहे, त्यांचा कापायचा नाही. आणि ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, पगारमर्यादा इतरांना 21,000 असली तरी दिव्यांगांना 25,000 आहे. पगारवाढ झाली की हे लोक सॉफ्टवेअरच्या भरवशावर माणसाला विम्यातून बाहेर काढतात आणि हॉस्पिटलच्या दारात कळतं. प्रत्येकाच्या यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, कॉपी लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

शेवटचा विषय तुला पटणार नाही, म्हणून शेवटी ठेवला. तुझ्या नव्या चार्टमध्ये टेस्टिंग लाइनला इन्चार्ज बाहेरून आणायचा आहे, डिप्लोमावाला. माझं मत, ताईंना कर. लाइनवरचा प्रत्येक हार्नेस त्यांना तोंडपाठ आहे, असंही म्हणवत नाही, हातपाठ आहे. नव्या मुलींना आजही त्याच शिकवतात. तू म्हणशील कस्टमरचा फोन कोण घेणार. फोन ऑफिसला येतो, मॅडम घेतात, रिजेक्शनचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात आणि उत्तर फोटोनेच जातं. इन्चार्जला फोन लागतोच असं कुठे आहे? आपल्याकडे नोकरी मिळालेला दिव्यांग माणूस ज्या टेबलावर बसला त्याच टेबलावरून निवृत्त होतो, बढतीचा विचार कोणाच्या डोक्यातही येत नाही. डिप्लोमावाला दोन वर्षांत चाकण गाठेल, हेही लक्षात घे.

निर्णय तुझा, मी मध्ये पडणार नाही. मात्र नाही म्हणायचं ठरवलंस तर त्याचं कारण मला सांगू नकोस. दुभाषा बोलाव आणि ताईंना सांग. त्यांनी मला या जागेबद्दल विचारलं आहे.

तुझे,
बाबा