ड्रेसेज प्रशिक्षणातील त्रुटी, घोडीची दुखापत आणि शुल्क परतावा यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
अश्वारोहण प्रशिक्षण विभाग,
सातारा.

विषय : जाहिरातीप्रमाणे ड्रेसेजचे प्रशिक्षण न मिळाल्याबाबत.

महोदय,

"सर्व स्तरांच्या आणि सर्व प्रकारांच्या घोडेस्वारांसाठी ड्रेसेजचे वर्ग" ही आपली जाहिरात वाचून ड्रेसेज, म्हणजे स्वाराच्या हलक्या इशाऱ्यांवर घोड्याकडून ठरलेल्या चाली लयीत करून घेणे, शिकण्यासाठी मी आणि माझी १५ वर्षांची मुलगी अशा दोघींनी गेल्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे प्रवेश घेतला. प्रत्येकी २० तासांचे, तासाला १,२०० रुपये या दराने, एकूण ४८,००० रुपये मी आगाऊ भरले. ११ तास झाल्यावर आम्ही येणे थांबवले. त्याची कारणे आपल्या कार्यालयात दोनदा तोंडी सांगूनही काहीच हालचाल न झाल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आम्हा दोघींच्या गरजा प्रवेशाच्या वेळी अर्जावर स्पष्ट लिहिल्या होत्या. मुलगी सुट्टीत पुण्याला मामाकडे राहून दोन वर्षे शो जंपिंग शिकते आहे आणि अडथळा ओलांडल्यावर घोडा तिच्या हाताबाहेर जातो, ही तिची अडचण आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसेजमध्ये सुवर्णपदक मिळवले, अश्वारोहणात ४१ वर्षांनी सुवर्ण आले, तेव्हापासून तिला हा प्रकार शिकायचा होता. मी मात्र लहानपणी पाचगणीच्या टेबललँडवर मारलेल्या फेऱ्यांपलीकडे घोड्यावर कधी बसले नव्हते. असे असताना पहिल्या दिवसापासून आम्हा दोघींना आणि आणखी तिघांना एकाच वेळी, एकामागे एक, कुंपणाच्या कडेने दुडकीवर फिरवण्यात आले आणि अकराव्या तासालाही तेच चालू होते. सर्व स्तरांसाठी वर्ग म्हणजे प्रत्येकाच्या स्तराप्रमाणे वेगळे शिकवणे असा अर्थ आम्ही घेतला होता आणि कोणीही तोच घेईल.

मुलीला हवे होते ते मोठ्या वर्तुळावरचे काम : संथ, एकसारखी लय, चालीतून दुडकीत आणि दुडकीतून पुन्हा चालीत असे वारंवार बदल, हाफ-हॉल्ट (घोड्याला क्षणभर आवरून पुन्हा पुढे सोडणे) आणि घोडा सरळ ठेवण्याचा सराव. यातले एकही करून घेतले गेले नाही, आणि ते होणार तरी कसे? ड्रेसेजचे लहान मैदान २० बाय ४० मीटरचे आणि मोठे २० बाय ६० मीटरचे असते. कडेला ठरलेल्या जागी अक्षरे असतात आणि अमुक अक्षराशी पोचताच चाल बदलायची, यावर सगळी शिस्त उभी असते. आपल्या माहितीपत्रकात २० बाय ४० मीटरचे मैदान लिहिले आहे. मुलीने टेप लावून मोजले तेव्हा त्याची रुंदी १४ मीटर भरली. या जागेत २० मीटर व्यासाचे वर्तुळ बसत नाही. अक्षरांच्या नावाने दोन पिंपांवर रंगवलेले ए आणि सी, एवढेच तिथे आहे.

माझी मांड बसावी म्हणून घोडी लांब दोरीवर गोल फिरवून, माझ्या हातात लगाम न देता, काही तास घ्यावेत अशी विनंती मी तिसऱ्या दिवशी केली. नवशिक्याचा तोल हातांवर न राहता बैठकीवर यावा यासाठी ही पद्धत सर्वत्र वापरतात. त्यावर आपल्या प्रशिक्षकांनी सर्वांसमोर सांगितले की, "या वयात मांड बसत नसते, तुम्ही आपल्या फेऱ्या मारा." माझे वय ४६ आहे. पोलिओमुळे गुडघ्याखालचे पाय निकामी झालेल्या, घोड्यावर चढताना-उतरताना दुसऱ्याचा आधार लागणाऱ्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच ड्रेसेजमध्ये रौप्यपदक मिळवले, हे ड्रेसेज शिकवणाऱ्याला ठाऊक असायला हवे. मला पदक नको आहे, पण पैसे घेऊन शिकवायला नकार देण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

याहून गंभीर बाब पुढे आहे आणि तीच आमच्या येणे थांबवण्याचे खरे कारण आहे. प्रशिक्षकांच्या लेखी ड्रेसेज म्हणजे घोड्याची मान वाकलेली दिसणे. त्यासाठी ते मुलीला दोन्ही हातांनी लगाम आखडून धरायला लावत. ज्या क्रमाने घोडा घडवतात त्यात आधी लय, मग अंगातला मोकळेपणा, मग हाताशी हलका संपर्क, नंतर मागच्या पायांतला जोर, सरळपणा आणि सर्वांत शेवटी शरीर एकवटणे येते. मान वाकते ती मागच्या पायांनी पुढे येणारा घोडा मऊ हाताला भेटतो म्हणून. ओढून खाली आणलेले डोके म्हणजे ड्रेसेज नव्हे. अकराव्या तासाला खोगीर काढताना मुलीने मला हाक मारली. त्या तांबड्या घोडीच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात फेस गुलाबी झाला होता आणि नाकावरचा पट्टा इतका आवळलेला होता की तिथे माझे एक बोटही शिरेना, एरवी दोन बोटांची जागा ठेवतात. पोटाखाली तंगाच्या (खोगीर बांधण्याच्या पट्ट्याच्या) जागी रुपयाएवढी ओली जखम होती आणि तिच्यावर केस चिकटून सुकले होते, म्हणजे ती त्या दिवसाची नव्हती. मुलीने हात लावताच घोडीने अंग चोरले. प्रशिक्षकांना दाखवल्यावर, "सवय आहे तिला," एवढेच उत्तर मिळाले आणि पुढच्या तासासाठी त्याच घोडीवर पुन्हा खोगीर चढवले गेले. जखमी जनावराला कामाला लावणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० प्रमाणे गुन्हा आहे, हे आपल्या निदर्शनास आणून देते.

आपल्या पागेतील मोतद्दारांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. खरारा कसा करावा, खूर उचलून कसे साफ करावेत, चंदी कधी द्यावी, हे त्यांनी आम्हाला मनापासून शिकवले. म्हणून झालेल्या ११ तासांचे पैसे मी मागत नाही. उरलेल्या ९ तासांचे दोघींचे मिळून २१,६०० रुपये मात्र १५ दिवसांत परत करावेत. मैदान माहितीपत्रकाप्रमाणे होईपर्यंत आणि स्वाराच्या स्तराप्रमाणे स्वतंत्र तास घेतले जाईपर्यंत "सर्व स्तरांसाठी ड्रेसेज" ही जाहिरात थांबवावी. तसे न झाल्यास दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी या कारणांवरून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी दाद मागेन.

पैशांच्या आधी एक गोष्ट तातडीने व्हावी. त्या घोडीला पशुवैद्यांना दाखवून, जखम पूर्ण भरेपर्यंत तिच्यावर खोगीर चढवू नये आणि पशुवैद्यांनी काय सांगितले ते मला लेखी कळवावे. मुलगी रोज तिची चौकशी करते आणि माझ्याकडे तिला सांगण्यासारखे काही नाही.

आपली विश्वासू,
(सही)
सदर बझार, सातारा

सोबत : शुल्काच्या पावत्यांच्या प्रती, माहितीपत्रकाची प्रत, घोडीच्या जखमेची तीन छायाचित्रे.